ब्लॅक बॉक्सचा विमा: एक गाडी, दोन पोस्टकोड, अकरा महिने

गेले अकरा महिने मी इंग्लंडमध्ये ‘ब्लॅक बॉक्स’ पद्धतीच्या, म्हणजे गाडीत बसवलेले यंत्र चालवण्याची नोंद ठेवते अशा, मोटार विम्यावर गाडी चालवतो आहे. त्यांपैकी पहिले पाच महिने गाडी बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुक भागात, स्ट्रॅटफर्ड रोडलगतच्या एका गल्लीत उभी राहत असे. फेब्रुवारीत नोकरीच्या निमित्ताने मी वेल्सच्या सीमेजवळच्या श्रूजबरी या गावी राहायला आलो आणि तेव्हापासून ती इथल्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत उभी असते. दोन्ही ठिकाणांमध्ये सुमारे पंचेचाळीस मैलांचे अंतर आहे. गाडी तीच, चालवणारा तोच, कंपनी आणि यंत्रही तेच राहिले आणि पत्ता तेवढा बदलला, त्यामुळे तरुण चालकाच्या विम्यात पत्त्याचा वाटा किती असतो हे मला एकाच पॉलिसीत पाहायला मिळाले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण बाकीच्या कंपन्यांकडून मागवलेल्या किमतींतही हाच प्रकार दिसला.

माझे वय चोवीस. कोल्हापुरात चार वर्षे गाडी चालवून झाली होती. पण भारतीय लायसन्सवर इथे रहिवासी झाल्यापासून बाराच महिने गाडी चालवता येते आणि ते इथल्या लायसन्सशी बदलूनही मिळत नाही. म्हणून शिकाऊ लायसन्स, २३ पौंडांची लेखी परीक्षा आणि ६२ पौंडांची प्रत्यक्ष चाचणी, असे सगळे पहिल्यापासून केले. कंपनीने माझा अनुभव चाचणी पास झाल्याच्या दिवसापासून मोजला. कोल्हापूरची चार वर्षे तिच्या लेखी नव्हतीच. २०१५ ची टोयोटा आयगो मी ५,२०० पौंडांना घेतली आणि तिच्या एका वर्षाच्या विम्याचा आकडा आला २,१८० पौंड, म्हणजे गाडीच्या किमतीच्या चाळीस टक्क्यांहून जास्त. त्यात १२ टक्के विमा कर आलाच. बाबांना फोनवर सांगितले तेव्हा त्यांनी दोनदा विचारले की तू रुपये म्हणतोस की पौंड.

त्यांचे आश्चर्य समजण्यासारखे होते, कारण आपल्याकडे विम्याच्या संदर्भात गाव हा प्रकार फारसा मनावर घ्यावा लागत नाही. २००२ च्या मोटार टॅरिफने खासगी गाड्यांसाठी देशाचे दोनच भाग केले: मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही शहरे ‘अ’ विभागात आणि उरलेला सगळा भारत ‘ब’ विभागात. हजार सीसीपर्यंतच्या, पाच वर्षांच्या आतल्या गाडीला ‘अ’ विभागात तिच्या विमामूल्याच्या ३.१२७ टक्के आणि ‘ब’ विभागात ३.०३९ टक्के दर होता. म्हणजे पाच लाखांच्या गाडीमागे पुणे आणि कोल्हापूर यांत फरक पडतो ४४० रुपयांचा. २००७ पासून कंपन्यांना आपले दर ठरवण्याची मोकळीक मिळाली खरी, पण विभागांची ही जुनी चौकट अजून टिकून आहे. शिवाय विभाग ठरतो तो नोंदणीच्या जागेवरून, त्यामुळे एमएच-०९ ची गाडी वर्षभर पुण्यात फिरली तरी तिचा विभाग कोल्हापूरचाच राहतो. इंग्लंडमध्ये गाडीची नोंदणी कुठली आहे याच्याशी कंपनीला काही देणेघेणे नसते. ती विचारते की गाडी रात्री कुठे असते, आणि त्यातही रस्त्यावर, घरासमोरच्या खासगी जागेत की कुलूपबंद गॅरेजमध्ये.

आता यंत्राविषयी. कंपनीने पाठवलेल्या माणसाने वीस मिनिटांत डॅशबोर्डच्या आत एक डबी बसवली. गाडी कुठे आणि किती वाजता चालली, वेग किती होता, ब्रेक किती जोरात लागला, वळण किती वेगात घेतले हे सगळे ती नोंदवते आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये दर आठवड्याला शंभरपैकी गुण दिसतात. बर्मिंगहॅममध्ये माझे गुण सत्तरच्या आसपास अडकून राहिले होते आणि सुरुवातीला मी त्याचा दोष स्वतःलाच देत असे. स्ट्रॅटफर्ड रोडवर दुहेरी रांगेत लावलेल्या गाड्या, मध्येच थांबणाऱ्या टॅक्सी आणि सिग्नल नसलेल्या ठिकाणी रस्ता ओलांडणारी माणसे यांमधून जाताना जोराचा ब्रेक लागणारच, पण डबीला ब्रेक दिसतो, त्यापुढे आलेले मूल दिसत नाही. श्रूजबरीला आल्यावर दोन महिन्यांत माझे गुण चौऱ्याऐंशीवर गेले, ते मी जास्त चांगला चालक झालो म्हणून नव्हे. जे यंत्र केवळ माझे वागणे मोजते असे जाहिरातीत सांगितले होते, त्याच्या मोजमापातही पत्ता शिरलेला होता.

घर बदलल्याचे मी आदल्या आठवड्यातच कंपनीला फोन करून कळवले. पलीकडच्या बाईंनी नवा पोस्टकोड (म्हणजे इथला पिनकोड) टाइप केला आणि मिनिटभरात सांगितले की याच पॉलिसीचा वार्षिक दर आता १,३९० पौंड होतो. उरलेल्या सात महिन्यांचा फरक ४६१ पौंड निघाला, त्यातून ४० पौंड बदलशुल्क कापून ४२१ पौंड परत मिळाले. पैसे आठ दिवसांत जमा झाले, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र पाच महिने जपून गाडी चालवून एक पैसाही कमी झाला नव्हता आणि सामान टेम्पोत भरल्याबरोबर तिसऱ्या हिश्शाहून जास्त दर उतरला, हे पचायला थोडा वेळ लागला.

असे का होते, याचे उत्तर तसे गूढ नाही. ब्रिटनमधला एक पूर्ण पोस्टकोड सरासरी पंधरा-एक घरांचा असतो, आणि कंपन्या अशा छोट्या तुकड्यांवरून किंवा त्यांच्या गटांवरून किती दावे आले, किती गाड्या चोरीला गेल्या, दुरुस्तीला आणि दुखापतींच्या भरपाईला किती खर्च झाला, हे पाहतात. शहरातल्या दाट वस्तीत टक्कर होण्याचे प्रसंगच जास्त. त्यात विमा नसलेल्या चालकांची भर पडते: असा चालक धडकून गेला तर बळीला भरपाई ‘मोटर इन्शुरर्स ब्युरो’ ही संस्था देते आणि तिचा खर्च सगळ्या विमा कंपन्यांकडून, म्हणजे शेवटी प्रामाणिकपणे हप्ता भरणाऱ्यांकडून वसूल होतो. तरुण चालकाला हे सगळे अधिक झोंबते, कारण त्याचा मूळ दरच वयामुळे मोठा असतो आणि पत्त्याचा भार त्या मोठ्या आकड्यावर चढतो. माझ्याच गल्लीतल्या पन्नाशीच्या घरमालकाला पत्त्याची झळ बसत नव्हती असे नाही, पण त्याचा मुळातला आकडाच लहान होता. वयावरून दर ठरवायला इथे परवानगी आहे. स्त्री की पुरुष यावरून ठरवायला मात्र डिसेंबर २०१२ पासून बंदी आहे.

इथवर हिशेब मला मान्य आहे. त्यापुढे तो तितका सरळ राहत नाही. ‘सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले होते की निम्म्याहून अधिक वस्ती गौरेतर लोकांची असलेल्या पोस्टकोडमध्ये राहणाऱ्यांना वर्षाला किमान २८० पौंड जास्त मोजावे लागतात, आणि गुन्हे, अपघात किंवा रहदारी यांवरून त्या फरकाचा पूर्ण उलगडा होत नाही. कंपन्या वंश विचारत नाहीत आणि आपण तो वापरत नाही असेही सांगतात. ते खरे धरले तरी बहुतांश गौरेतर वस्तीच्या स्पार्कब्रुकमध्ये राहून आलेल्या माणसाला हा आकडा वाचून गप्प बसणे जड जाते.

गंमत अशी की मी ज्याला सुरक्षित प्रदेश म्हणून कमी पैसे देतो, तिथे गाडी चालवताना मला जास्त भीती वाटते. ब्रिटनमधले बहुतांश प्राणघातक अपघात ग्रामीण रस्त्यांवर होतात. श्रूजबरीबाहेर पडले की दोन्ही बाजूंना उंच झाडोऱ्याच्या भिंती असलेल्या, एका वेळी जेमतेम दीड गाडी मावेल अशा रस्त्यांवरही कायद्याने ताशी ६० मैल वेग चालतो आणि वळणापलीकडे ट्रॅक्टर आहे की नाही हे वळल्यावरच कळते. इथे दावे संख्येने कमी येतात म्हणून दर कमी. एखादा अपघात किती भयंकर असेल ही बाब त्या बेरजेत मागे पडते. डबी मात्र इथे ब्रेकऐवजी वळणांचे गुण कापते, आणि या बाबतीत तिचे म्हणणे मी ऐकतो. पहिल्या महिन्यात वळणांसाठी तीन इशारे आले, त्यानंतर मी खरोखरच सावकाश वळू लागलो.

यंत्राचे दोष सांगायचे तर दोन ठळक आहेत. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या रस्त्यांची सर्वसाधारण मर्यादा ताशी २० मैल झाली आणि पुढे काही रस्ते पुन्हा ३० वर आणले गेले. सीमेपलीकडच्या एका गावात पाटी ३० ची असताना माझ्या डबीच्या नकाशात तो रस्ता २० चाच होता आणि दोन महिने दर शनिवारी मी गुन्हेगार ठरत होतो. पाटीचा फोटो पाठवल्यावर तिसऱ्या ईमेलला त्यांनी गुण दुरुस्त केले. दुसरा दोष रात्रीचा. अकरानंतर गाडी चालवली की गुण जातात, मग रस्ता कितीही मोकळा असो. आई-बाबांना हीथ्रोवरून आणताना विमान उशिरा आले आणि आम्ही पहाटे अडीचला घरी पोहोचलो. त्या एका रात्रीने महिन्याची कमाई धुऊन नेली. आईला हे सांगितले नाही, नाहीतर परतीच्या वेळी तिने रेल्वेनेच जायचा हट्ट धरला असता.

या दरांमुळे मुले काय काय करतात तेही लिहायला हवे. आमच्या बर्मिंगहॅमच्या घरातल्या एका मित्राने सोशल मीडियावरच्या एका ‘ब्रोकर’कडून निम्म्या किमतीत पॉलिसी घेतली. कागदपत्रे अस्सल दिसत होती, पण पत्ता कुठल्यातरी खेड्यातला आणि जन्मवर्ष दहा वर्षांनी जुने घातलेले होते. पोलिसांनी गाडी अडवून जप्त केली तेव्हा कळले की ती पॉलिसी केव्हाच रद्द झाली होती. विमा नसताना गाडी चालवल्याबद्दल ३०० पौंड दंड होतो आणि लायसन्सवर सहा दंडगुण चढतात. आणि चाचणी पास होऊन दोन वर्षे झाली नसतील तर सहा दंडगुणांवर लायसन्सच रद्द होते, म्हणजे पुन्हा शिकाऊ पाटीपासून सुरुवात. गावाकडच्या काकांचा पत्ता देणे किंवा स्वतः चालवायची गाडी वडिलांच्या नावाने दाखवणे हे प्रकारही याच जातीचे. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्यानुसार जाणूनबुजून खोटी माहिती दिली असेल तर कंपनी पॉलिसी रद्दबातल ठरवून हप्ताही ठेवून घेऊ शकते. शिवाय ब्लॅक बॉक्स असताना पत्त्याबाबत खोटे बोलणे हा शुद्ध वेडेपणा आहे, कारण गाडी रोज रात्री कुठे झोपते ते तुमच्या आधी डबीलाच ठाऊक असते.

मागच्या आठवड्यात नूतनीकरणाचे पत्र आले: एका वर्षाची दावारहित सवलत आणि चांगले गुण धरून १,०२० पौंड. मी फोन करून विचारले की याच गुणांनिशी मी स्पार्कब्रुकलाच राहिलो असतो तर? पलीकडच्या मुलाने थोडे आढेवेढे घेऊन आकडा काढून दिला: १,६५५. डबीशिवायची सर्वांत स्वस्त पॉलिसी दुसरीकडे १,१९० ला मिळत होती. म्हणजे वर्षभराच्या पाळतीची किंमत मला १७० पौंड मिळते आणि पत्त्याची ६३५. मी डबी आणखी एक वर्ष ठेवली आहे. पुढच्या हिवाळ्यात आई-बाबा पुन्हा येणार आहेत, तेव्हा दुपारी उतरणारे विमान शोधायला मी बाबांना आत्ताच सांगून ठेवले आहे.