वर्गासाठी व्हिडिओ एडिटिंग: काइनमास्टर, ओपनशॉट की शॉटकट?

एडिटिंगसाठी काय घ्यावं, असं विचारणाऱ्या शिक्षकांना माझा पहिला प्रश्न असतो: एडिटिंग कोण करणार, तुम्ही की मुलं?

तुम्हीच धड्याचा छोटा व्हिडिओ करून पालकांच्या ग्रुपवर टाकणार असाल, तर मोबाईलवरचं काइनमास्टर पुरे. ज्या फोनवर शूटिंग केलं, त्याच फोनवर काटछाट होते आणि आवाजही भरता येतो. मोफत आवृत्तीत वॉटरमार्क, म्हणजे व्हिडिओवर ॲपच्या नावाची छाप येते, पण त्यानं शिकवण्यात काही अडत नाही.

मुलांच्या हातात द्यायचं असेल, तर मी संगणकच निवडेन. मोबाईलभोवती चार मुलं जमली, की एकाचंच बोट चालतं आणि बाकीची नुसती बघत बसतात. संगणकावर टाइमलाइन, म्हणजे क्लिप ओळीनं मांडलेली पट्टी, सगळ्यांना दिसते, आणि खरं शिकणं तिथेच होतं. समजा, मुलांनी गावातल्या एका आजींची 12 मिनिटांची मुलाखत घेतली आणि ती 2 मिनिटांत बसवायची आहे. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेल्याची आठवण ठेवायची, की लग्नाच्या वऱ्हाडाची? हे वाक्य गाळलं तर पुढचं कळेल का? यावर मुलं जे भांडतात, तो भाषेचा उत्तम तास असतो. विज्ञानात मुगाला मोड येतानाचे रोज 6 फोटो काढा. सोमवार ते शुक्रवार 30 फोटो होतात. प्रत्येकाला अर्धा सेकंद दिला, की आठवडाभराची वाढ 15 सेकंदांत डोळ्यांसमोर येते.

आता ओपनशॉट की शॉटकट? संगणकावरचे हे दोन्ही एडिटिंग प्रोग्राम मोफत आणि मुक्तस्रोत (म्हणजे कोड सगळ्यांना खुला) आहेत. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतात, वॉटरमार्क नाही आणि एकदा बसवल्यावर नेट लागत नाही. पाचवी-सहावीसाठी मी ओपनशॉट सुचवेन. क्लिप ओढायची, कापायची, जोडायची. एवढं मुलांना पटकन जमतं. मोठ्या क्लिप घेतल्या की मात्र ते जड होतं. शॉटकटमध्ये बटणांची गर्दी जास्त, पण प्रॉक्सीची सोय आहे: काम क्लिपच्या हलक्या नकलेवर होतं, अंतिम व्हिडिओ मूळ क्लिपमधूनच तयार होतो. जुने संगणक आणि आठवी-नववीची मुलं असतील तर तेच बरं.

विंडोज 11 सोबत क्लिपचॅम्प हा एडिटिंग प्रोग्राम येतो. तो चांगला आहे, पण लॉगिन आणि नेट लागतं, म्हणून बहुतेक शाळांच्या लॅबसाठी मी तो बाजूला ठेवते.

निवड पक्की करण्याआधी शीर्षकात ‘विद्यार्थ्यांच्या’ एवढा शब्द टाइप करून बघा. जोडाक्षरं फुटली तर फॉन्ट बदला. आणि मुलांना पहिल्याच दिवशी सांगा, की फोटो, क्लिप, आवाज आणि प्रोजेक्ट सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवायचं. ओपनशॉट आणि शॉटकटच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, तो कुठे ठेवलाय एवढीच नोंद असते. नुसती ती फाइल पेन ड्राइव्हवर नेली, तर दुसऱ्या संगणकावर एकही क्लिप उघडणार नाही.