ग्रेडची परीक्षा की कानाने वाजवणं?

दोन्ही हातांनी सोपे तुकडे जमू लागले की दादर-पार्ल्याकडे पियानो शिकणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच.

परीक्षेची वाट आखलेली आहे. एबीआरएसएम या लंडनच्या संगीत परीक्षा मंडळाच्या प्रॅक्टिकलमध्ये तीन तुकडे, स्केल्स (सुरांचे आरोह-अवरोह), समोर ठेवलेलं नोटेशन (स्वरलिपी) वाचून वाजवणं आणि कानाच्या चाचण्या असतात. एकूण गुण 150, पास व्हायला 100. सहावी ग्रेड (म्हणजे सहावी पायरी) द्यायची तर थिअरीची, म्हणजे संगीतशास्त्राची, पाचवी सहसा आधी हवी. खरी कमाई नोटेशन वाचण्याची, आणि डाव्या हाताला पळवाट राहत नाही. पण कित्येक मुलं वर्षभर तेच तीन तुकडे घासतात आणि पाहुण्यांनी भावगीत सांगितलं की गप्प बसतात!

कानाने वाजवणारा तिथे बाजी मारतो. उजव्या हातात चाल, डाव्यात कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले तीनेक सूर. गाणं यमनमधलं असेल तर मात्र सवयीने शुद्ध मध्यमाचा कॉर्ड लावू नका, तो तीव्र मध्यमाशी भांडतो. रे, तीव्र म, ध असा लावून पाहा, रंगच पालटतो. (मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पियानोवर निघत नाही, तो हट्ट सोडा.) धोका एवढाच की हात सफेद बटणांवरच्या चारपाच कॉर्डांतच फिरत राहतो.

माझं मत विचाराल तर लहानांनी चौथ्या ग्रेडपर्यंत परीक्षा द्याव्यात. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी कानाची वाट धरावी, फक्त प्रत्येक गाणं तीन वेगळ्या पट्ट्यांत (दर वेळी वेगळा सा धरून) बसवावं आणि रोज दहा मिनिटं नोटेशन वाचावं.