अहवाल की प्रत्यक्ष पाहणी? अणुइंधन प्रकल्पांसाठी सहकार्याचे दोन मार्ग

जळगाव-भुसावळकडून रसायन अभियांत्रिकी शिकून अणुइंधन क्षेत्राकडे वळू पाहणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय सहकार्याचे दोन प्रकार वेगळे ओळखावेत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या (आयएईए) ‘फिनास’ या व्यवस्थेत देश आपल्या इंधनचक्र प्रकल्पांतील (अणुइंधन तयार करणे, वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करणे अशी कामे करणाऱ्या) घटनांचे अहवाल एकमेकांना देतात. त्याच संस्थेच्या ‘सेडो’मध्ये यजमान देशाच्या विनंतीवरून परदेशी तज्ज्ञ चालू प्रकल्पात येऊन सुरक्षा तपासतात.

फिनासचे बळ कारणमीमांसेत आहे. जपानमधील तोकाईमुरा येथे ३० सप्टेंबर १९९९ रोजी, २.४ किलोची मर्यादा असताना कामगारांनी सुमारे १६ किलो युरेनियम असलेले द्रावण अवक्षेपण टाकीत (द्रावणातून घन पदार्थ वेगळा करण्याच्या टाकीत) ओतले, साखळी अभिक्रिया सुरू झाली आणि पुढे दोघांचा मृत्यू झाला. मंजूर पद्धत डावलून पोलादी बादल्या वापरण्याचा प्रघात तेथे आधीच रुळला होता (बाहेर कोणाला त्याचा पत्ता नव्हता, हे अधिक गंभीर). असा अहवाल इतरांना सावध करतो, पण तो घटनेनंतरच लिहिला जातो.

रुळलेला गैरप्रघात आधीच दिसण्याची शक्यता ‘सेडो’च्या पाहणीत अधिक असते, कारण तज्ज्ञ कागदपत्रांबरोबर कामगारांशीही बोलतात. मात्र निमंत्रण ऐच्छिक असते आणि शिफारशी बंधनकारक नसतात. तरीही मनुष्यबळ मोजके असलेल्या जुन्या प्रकल्पाने आधी पाहणीच मागवावी, असे माझे मत आहे.