‘बेत-सामेख-दालेत’चा शिक्का: सुट्या कागदांना उत्तम, वहीला नाही

धार्मिक ज्यू लोकांच्या पत्रांवर, पावत्यांवर, शाळेच्या वह्यांवर उजव्या वरच्या कोपऱ्यात तीन बारीक हिब्रू अक्षरं असतात: बेत, सामेख, दालेत. ‘बेसियाता दिश्माया’ या अरामी (हिब्रूच्या जवळची जुनी भाषा) शब्दांचं हे छोटं रूप. अर्थ, ‘स्वर्गाच्या साहाय्याने’. आपण कोऱ्या कागदावर आधी ‘श्री’ काढतो, तीच ही जागा; हिब्रू उजवीकडून सुरू होते म्हणून कोपरा उजवा. हाताने लिहायला दोन सेकंदही लागत नाहीत, पण रोज शंभरेक कागद हाताखालून जात असतील तर सेल्फ-इंकिंग, म्हणजे आतच शाईचं पॅड असलेला, स्टॅम्प कामाला येतो. हे परीक्षण त्याच स्टॅम्पचं.

घेताना पहिला प्रश्न रबरावर काय कोरलेलं आहे, हा. बाजारात दोन प्रकार मिळतात. एक वरची तीन अक्षरं, दुसरा ‘बेत-हे’ ही दोन. दुसऱ्याचा अर्थ ‘बारूख हाशेम’, म्हणजे ‘परमेश्वर धन्य असो’, किंवा ‘बेएझ्रत हाशेम’, त्याच्या साहाय्याने. त्यातलं ‘हे’ हे अक्षर थेट परमेश्वराच्या नामाच्या जागी उभं आहे. म्हणून रोगाचोव्हचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) योसेफ रोझेन (१८५८–१९३६) यांना ते खटकत होतं: असा कागद कचऱ्यात कसा टाकायचा? पुढे अनेक रब्बींनी त्याला मोकळीक दिली आणि ‘बेत-हे’ आजही सर्रास लिहितात. पण तीन अक्षरांत नामाचं एकही अक्षर नाही, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही. पावत्या आणि चिठ्ठ्या शेवटी फेकल्याच जातात. त्यांच्यासाठी डोळे झाकून तीन अक्षरांचा स्टॅम्प घ्यावा.

ही काळजी नवी नाही. तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथाच्या ‘रोश हशाना’ या भागात (पान १८ब) हास्मोनी या ज्यू राजघराण्याच्या राजवटीची हकिगत येते. ग्रीक सत्तेने नाम उच्चारायला बंदी केली होती. हास्मोनी जिंकले तेव्हा त्यांनी नाम करारपत्रांतसुद्धा लिहायचा दंडक घातला. ऋषितुल्य पंडित म्हणाले, उद्या ऋणको कर्ज फेडेल आणि तो कागद उकिरड्यावर पडेल. दंडक मागे घेतला गेला, आणि तो दिवस, ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याची तीन तारीख, सणाचा ठरला. तीन अक्षरांच्या रबरामागे इतका जुना विचार आहे.

आता ठसा. दुकानातच पांढऱ्या कागदावर उमटवून भिंगाखाली पाहा. सामेख गोल आणि आतून मोकळा हवा. रबर उथळ कोरलेलं असेल किंवा शाई जास्त झाली तर पोट भरून काळा ठिपका होतो. आणि कोरणाऱ्याने तो चौकोनी काढला तर शब्दाच्या शेवटी येणारा ‘मेम’ हे दुसरंच अक्षर वाचलं जातं. दालेतच्या उजव्या वरच्या कोपऱ्याला टोक हवं, ते गोल झालं की ‘रेश’ हे अक्षर होतं. बेतची खालची टाच पुढे आलेली हवी, नाहीतर ‘काफ’ हे अक्षर होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या अक्षरांमध्ये दोन तिरप्या रेघा असतात, त्यांना गेर्शायिम म्हणतात. स्वस्त स्टॅम्पमध्ये या रेघा चिकटून एक जाड ठिपका होतो आणि मध्येच ‘योद’ हे छोटं अक्षर आल्यासारखं दिसतं. अक्षराची उंची ४ मिलिमीटरच्या आसपास असावी. ३ च्या खाली हे सगळे बारकावे बुजतात.

बनवून घेत असाल तर प्रूफ (कोरण्याआधीचा नमुना) पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. उजवीकडून डावीकडे लिहिणं न जमणाऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं उलटतात आणि दालेत-सामेख-बेत छापलं जातं. हिब्रू न येणाऱ्या कारागिराला त्यात काहीच चुकीचं दिसत नाही. प्रूफमध्ये बेत सगळ्यात उजवीकडे आहे ना, एवढं बघितलं तरी पुरे.

सुट्या कागदावर स्टॅम्प छान चालतो. वरच्या आणि उजव्या कडेपासून साधारण १० मिलिमीटर आत, सरळ खाली दाबायचा, डोलवायचा नाही. डोलवला की चौकटीची कड उमटते. नव्या पॅडला शाई जास्त असते, म्हणून आधी रद्दीवर दहा-बारा ठसे काढावेत. पॅड सुकलं तर त्याच जातीची पाण्यावर आधारित शाई दोन-तीन थेंब घालावी. तेलाच्या शाईने रबर फुगतं आणि सामेख कायमचा बंद होतो. गुळगुळीत, चकचकीत कागदावर ही शाई वाळत नाही, हात लागला की पसरते. लग्नपत्रिकेसाठी छापखान्यातच छापून घ्यावं.

वहीत मात्र हा स्टॅम्प निराश करतो. उघडलेल्या वहीच्या डाव्या पानाचा उजवा कोपरा नेमका शिवणीच्या खाचेत जातो. तिथे कागद वाकलेला, स्टॅम्पची चौकट टेकतच नाही आणि अर्धा बेत गायब होतो. एक पान स्वच्छ, समोरचं फिकट, असं आख्ख्या वहीत चालतं. वहीसाठी अक्षरं आधीच छापलेली पानं घ्या किंवा पेनने लिहा.

एक विनंती: शंभर कोऱ्या कागदांवर आधीच ठसे मारून गठ्ठा करून ठेवू नका. काम सुरू करण्याआधी क्षणभर थांबून मदत कोणाकडून येते ते आठवणं, यासाठीच ही अक्षरं आहेत. लिहायला बसल्यावर त्या एका कागदावर दाबला तर स्टॅम्पही पेनाइतकाच खरा.

आणि अक्षरांखाली तोराहचं, म्हणजे ज्यूंच्या पवित्र धर्मग्रंथाचं, वचन लिहिलं असेल तर तीन अक्षरांची मोकळीक त्या कागदाला लागू नाही. तो गेनीझात, म्हणजे पुरण्यासाठी जपून ठेवायच्या कागदांत जातो.