मिठी की होरपळ: शुद्धलेखनासाठी स्पॅनिश उच्चार कुठला धरावा?

स्पॅनिशचा पाया झाला की हा प्रश्न येतोच: उच्चार स्पेनचा धरायचा की लॅटिन अमेरिकेचा? बोलण्यापुरतं म्हणाल तर कुठलाही धरा, अडत नाही. पण सारखी ऐकू येणारी क्रियापदं अचूक लिहायची असतील, तर माझं पारडं थोडं स्पेनकडे झुकतं.

मी सुरुवात लॅटिन अमेरिकेपासून केली. झेड, ई-आयच्या आधीचा सी आणि एस, तिन्हींचा 'स'च. स्पेनमध्ये मात्र झेड आणि त्या सीचा 'थ', एसचा 'स'. मराठी जिभेला आणखी काय हवं? शिवाय स्पॅनिश मातृभाषा असलेल्या दहांतले नऊ जण स्पेनबाहेरचे, त्यामुळे ऐकायला रग्गड.

माशी शिंकली ती एका मेलच्या शेवटी. 'तुला मिठी' या अर्थी 'ते आब्राथो' लिहायचं होतं. मी झेडच्या जागी एस टाकला आणि झालं 'मी तुला होरपळवतो'. मैत्रीण हसली, म्हणून निभावलं. वही उघडली तर तिथेही दोन्ही क्रियापदं देवनागरीत 'आब्रासार'! माझ्याच नोंदीवरून मला स्पेलिंग परत मिळेना. मला सगळ्यात सलली ती ही गोष्ट.

मग अशा जोड्या जिकडेतिकडे दिसायला लागल्या. लग्न करणं एसने, शिकार करणं झेडने. भूतकाळात 'मी शिकार केली' म्हणताना झेडचा सी होतो, पण स्पेनमध्ये ऐकू येतं 'काथे'. लग्नाचं मात्र 'कासे'. म्हणजे अक्षर बदललं तरी कान चुकत नाही. लॅटिन अमेरिकेत दोन्ही 'कासे', पुढचं तुमचं तुम्ही बघा. शिजवणं आणि शिवणं यांत वर्तमानकाळ थोडा हात देतो ('क्वेथो' आणि 'कोसो'), पण 'आम्ही' आलं की पुन्हा तोच घोळ. आणि रोजच्या मेसेजमधला 'आस': 'कर' असं सांगायचं तर शेवटी झेड, 'तू केलं आहेस'मधल्या सहायक क्रियापदाला एस.

अर्थात स्पेनचा उच्चार सरसकट तारत नाही. 'मी टाकतो' आणि 'केलेलं' दोन्हीकडे 'एचो'च. तिथे मूळ क्रियापद आठवायचं: 'आथेर'ला (करणं) मुका एच आहे, 'एचार'ला (टाकणं) नाही. मत देणं व्हीने, फेकून देणं बीने, आणि बी-व्हीचा उच्चार स्पॅनिशमध्ये एकच. 'पडला' आणि 'गप्प झाला' यांतला वाय आणि डबल एलचा फरक तर स्पेनमध्येही बहुतेक ठिकाणी मिटला आहे. तो ऐकायचा तर पॅराग्वे किंवा बोलिव्हियाकडचे लोक ऐका. खुद्द स्पेनमध्येही कॅनरी बेटांवर आणि आंदालुसियाच्या बऱ्याच भागात 'स'च चालतो.

आणखी एक गोम: तो 'थ' आपल्या 'थाळी'तला नव्हे. जिभेचं टोक दातांमध्ये धरून हवा सोडायची. आपला थ वापरलात तर समोरच्याला 'त' ऐकू जाण्याची शक्यता जास्त.

तुमचं सगळं काम मेक्सिकोशी असेल तर मी आग्रह धरणार नाही. मीही बोलताना अजून 'स'च म्हणतो. पण नवं क्रियापद वहीत उतरवायच्या आधी ते स्पेनच्या माणसाच्या तोंडून एकदा ऐकतो, आणि झेड किंवा सी असला तर देवनागरीत 'थ' लिहितो.