युजर प्रोफाइल विझार्ड: ४१ मशिनांचा फेरफार

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी कॉम्प्युटर सिस्टीम बघते. गेल्या दिवाळीनंतर मालकांच्या, म्हणजे दोघा भावांच्या, वाटण्या झाल्या. ऑफिस आणि मशीन शॉप धाकट्यांकडे आलं, सर्व्हर थोरल्यांकडे गेला. आम्हाला नवा सर्व्हर, नवं डोमेन, म्हणजे सगळ्यांचे कॉम्प्युटर आणि लॉगिन एका सर्व्हरवरून सांभाळायची व्यवस्था. आणि ४१ मशिनं, म्हणजे कॉम्प्युटर, जुन्या डोमेनमधून काढून नव्यात आणायचं काम माझ्या गळ्यात.

पहिलं मशीन मी जोशात हातानेच केलं. जुन्या डोमेनमधून काढलं, नव्याला जोडलं आणि अकाउंट्सच्या काकांना म्हटलं, करा लॉगिन. स्क्रीनवर विंडोजचं निळं वॉलपेपर आणि रिसायकल बिन. नातवाचा फोटो नाही, डेस्कटॉपवर पसरलेल्या दीडशे एक्सेल फायली नाहीत. "मॅडम, माझं सगळं गेलं की ओ!" काका खुर्चीतून उठलेच.

गेलं काहीच नव्हतं. विंडोज माणसाला नावाने नाही, एसआयडी नावाच्या लांबलचक नंबराने ओळखतं. डोमेन बदललं की नाव तेच ठेवलं तरी नंबर नवा मिळतो. काका त्याच्या लेखी परके, म्हणून त्याने कोरं प्रोफाइल, म्हणजे डेस्कटॉप, फायली आणि सेटिंगचं नवं रिकामं फोल्डर, काढून दिलं. जुनं फोल्डर त्याच डिस्कवर शेजारी पडलेलं, फक्त काकांना आत जायची परवानगी नाही.

मायक्रोसॉफ्टची स्वतःची हत्यारं आहेत. डोमेन बदलायला एडीएमटी आहे, पण त्याला दोन्ही डोमेनमध्ये 'ट्रस्ट' लागतो, म्हणजे दोघांनी एकमेकांचे युजर मानायचे. इथे भावाभावांत बोलणं नाही, सर्व्हरांत ट्रस्ट कुठून आणू? दुसरं यूएसएमटी, ते युजरच्या फायली आणि सेटिंग उचलून नव्या जागी ठेवतं. फुकट आणि बरं आहे, पण काय उचलायचं ते एक्सएमएल फायलींत सांगत बसावं लागतं. जे सांगायचं राहिलं ते मागे राहिलं.

मग फोरेन्सिट कंपनीचं युजर प्रोफाइल विझार्ड घेतलं. मोफत आवृत्तीवर एका जुन्या लॅपटॉपवर चाचणी केली, मग धाकट्यांकडून कॉर्पोरेट आवृत्तीचे पैसे मंजूर करून घेतले. कारण त्यात एकदा कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, बनवली की स्क्रिप्टने आपोआप काम होतं, प्रत्येक मशीनपुढे बसून 'नेक्स्ट नेक्स्ट' करावं लागत नाही.

मला आवडलं ते हे की हा विझार्ड काही हलवतच नाही. तलाठी फेरफार करतो तसं. घर जागच्या जागी, उताऱ्यावरचं नाव नवं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, प्रोफाइललिस्ट नावाची एक नोंदवही असते, कुठलं फोल्डर कोणत्या एसआयडीचं ते त्यात लिहिलेलं असतं. तिथे तो नवा नंबर घालतो, फोल्डरवरच्या आणि युजरच्या रजिस्ट्रीवरच्या परवानग्या बदलतो, मशीन नव्या डोमेनला जोडतो आणि रीस्टार्ट. काकांचं ९० जीबीचं प्रोफाइल सहा-सात मिनिटांत झालं, कारण कॉपी एकही फाइल होत नाही. लॉगिन केलं, नातू हसतोय. आउटलुकने पासवर्ड एकदा विचारला, बाकी टाकलेलं काम तिथेच.

वेळ जीबीवर नाही, फायलींच्या संख्येवर लागतो. ड्रॉइंग सेक्शनच्या एका मशीनवर लाखांनी बारीक फायली होत्या, तिथे परवानग्या बदलताना पाऊण तास गेला. मधेच घाबरून बटण दाबू नका. चहा घेऊन या.

आता माझ्या चुका. पहिली, डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा. मशीनचा डीएनएस जुन्याच सर्व्हरकडे बोट दाखवत होता, विझार्डला नवं डोमेन सापडणार कसं? अर्धा तास मी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. दुसरी, लोकल ॲडमिनचा, म्हणजे त्या मशीनपुरत्या मुख्य खात्याचा, पासवर्ड. जुन्या डोमेनमधून बाहेर पडण्याआधी तो चालतो का ते लॉगिन करून बघाच. स्टोअरच्या मशीनवर २०१७ साली कुणी काय ठेवला होता देव जाणे, तिथून परतीचा रस्ता बंद झाला असता. लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, असेल तर त्याची रिकव्हरी कीसुद्धा आधीच उतरवून घ्या, कारण ती जुन्या डोमेनमध्ये ठेवलेली असू शकते.

तिसरी सगळ्यात महागात पडली. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड विंडोज युजरच्या पासवर्डशी आणि एसआयडीशी बांधलेल्या किल्लीने बंद असतात. उताऱ्यावर नाव बदललं तरी तिजोरीची किल्ली जुन्या मालकाकडेच राहते. बुकमार्क आले, हिस्टरी आली, पासवर्ड नाहीत. यात विझार्डचा दोष नाही, विंडोजची रचनाच तशी आहे. मीच आधी पासवर्ड बाहेर काढून घ्यायला हवे होते. काकांना ट्रकमधल्या मालासाठी लागणाऱ्या ई-वे बिलाचा पासवर्ड विचारला तर म्हणाले, "तो क्रोमला ठाऊक." रीसेट केला, तर ओटीपी थोरल्यांच्या मोबाइलवर! फोन कुणी करायचा यावर दुपार गेली आणि दोन ट्रक गेटवर उभे. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन मात्र सुखरूप, त्याची किल्ली टोकनच्या पोटात असते.

नेटवर्क प्रिंटर जुन्या सर्व्हरच्या पत्त्यावरच राहिले, ते मी ग्रुप पॉलिसीने, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्या मशिनांना एकदम सेटिंग लावून, बदलले. डिस्पॅचचा डॉट मॅट्रिक्स थेट मशीनला जोडलेला, त्याला कशाचाच पत्ता नाही, तो करकरत चलन छापत राहिला.

४१ मशिनं, एक शनिवार आणि दोन संध्याकाळी. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो फोल्डरच्या नावासाठी. युजरचं नाव बदललं तरी फोल्डरचं जुनंच राहतं. ड्रॉइंग सेक्शनच्या हेडचं फोल्डर कधीकाळी कुणीतरी 'टेस्ट१' नावाने बनवलं होतं. साहेबांनी विचारलं, आता तरी बदलेल ना? ऑटोकॅडच्या अर्ध्या सेटिंगमध्ये त्याच फोल्डरचा पत्ता लिहिलेला आहे, म्हणून मी नको म्हटलं. ते अजून टेस्ट१च आहेत.