हर्णैचं कोळीवाड्यातलं मोठं घर

काका-आत्यांसकट आम्ही अठरा जण. नागपूरहून हर्णै म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडणं. रेल्वेनं खेड, पुढे दापोलीवरून गाडी. भाड्यानं घेतलेलं घर चिऱ्याचं, जुनं. पडवी एवढी लांब की सगळ्यांची पंगत एका ओळीत बसली, अन् समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. खोल्या ठीकच. पण संडास दोनच! सकाळी रांग लागते, टाकीही लवकर रिकामी होते. पैसे भरण्याआधी मालकांना पाण्याचं विचाराच.

खरी मजा बंदरावर. संध्याकाळी होड्या लागल्या की किनाऱ्यावरच लिलाव सुरू. टोपल्या, बर्फ, बैलगाड्या, आरडाओरडा. आम्ही सुरमई लिलावात नाही, बाजूच्या मावशीकडून घेतली. घासाघीस आत्यानं केली, नागपूरच्या सीताबर्डी बाजारात तयार झालेली बाई ती! घरच्या स्वयंपाकीण काकूंनी ओल्या नारळाचं कालवण केलं, झकास. काकांना मात्र तर्रीशिवाय जेवल्यासारखं वाटेना बाप्पा. सावजी मसाला पिशवीत होताच.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा जाऊ नका. सुकटीचा वास सोसत नसेल तर मागची खोली मागा.